दोन बाटल्या, दोन लेबलं

काटेसाहेबांना सत्तर वर्षं पूर्ण व्हायला चार आठवडे उरले होते आणि सत्तरी गाठलेल्या माणसाला विमा कंपनी दारातही उभं करत नव्हती. म्हणून जेवणाच्या टेबलावर तीन योजनांची पत्रकं पसरून विमावाली एकेकीचे गुण गात होती आणि साहेब एकेकीतली खोट काढत होते. त्यांचा जन्मच त्यात गेला होता. वजनमापे खात्यात निरीक्षक होते; दुकानदारांचे काटे तपासता तपासता त्यांचं नावच काटेसाहेब पडलं.

"काका, पहिलीत सगळं येतं."

"हप्ता भरून उपाशी मेलो तर तेही येतं का?"

"मग दुसरी घ्या. जुन्या आजारांना फक्त दोन वर्षं थांबायचं."

"मी थांबेन हो. आजाराला थांबायला कोण सांगणार, तुम्ही?"

विमावालीने कपाळावरचा घाम पुसला. "तिसरीत पहिल्या दिवसापासून सगळं. हप्ताही बेताचा. लघवीची तपासणी तेवढी स्वच्छ निघायला हवी."

"मग काळजी कसली? हीच द्या, आम्हा दोघांनाही," साहेब म्हणाले.

काळजी बाईंना होती. बाई म्हणजे साहेबांच्या पत्नी. सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर लेबलं चिकटवून निवृत्त झालेल्या. गेले काही महिने साहेबांचे डोळे सकाळी सुजलेले असत, संध्याकाळी चपला घट्ट होत. पण डॉक्टर म्हणजे परवाना घेतलेला चोर, असं साहेबांचं ठाम मत. हा नमुना तपासला गेला तर हात दाखवून अवलक्षण होणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. स्वतःबद्दल मात्र त्यांना शंका नव्हती. रात्री तीनदा उठावं लागे, पण या वयात कोण उठत नाही?

ठरलेल्या सकाळी न्हाणीघराबाहेरच्या खिडकीत दोन बाटल्या भरून तयार होत्या, एकीवर साहेबांचं नाव, दुसरीवर बाईंचं. साहेब आंघोळीला वळले, तसं बाईंनी बाटल्या स्वयंपाकघरात आणल्या, किटलीच्या वाफेवर धरल्या आणि लेबलं सोडवून अदलाबदल करून चिकटवली. कोपरासुद्धा दुमडला नाही. एकतीस वर्षांची नोकरी अशी कामी येईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मग बाटल्या जागच्या जागी ठेवून त्या दूध आणायला खाली गेल्या. परत आल्या तेव्हा साहेब पावडर लावून वर्तमानपत्र वाचत होते आणि बाटल्या न्यायला आलेली मुलगी दारात उभी होती.

आठव्या दिवशी पाकीट आलं. बाई निर्दोष, अर्ज मंजूर. साहेबांच्या नावापुढे मात्र अर्धं पान भरलं होतं. प्रथिनं नको तितकी, मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांना त्वरित दाखवा, अर्ज नामंजूर.

बाईंनी बदललेल्या लेबलांचा हिशेब मनात मांडला. म्हणजे साहेब ठणठणीत होते आणि आजार बाईंना स्वतःला होता! आणि त्या ठणठणीत माणसाचा विमा त्यांनी स्वतःच्या हाताने घालवला होता. सांगावं तर कंपनीला फसवल्याचं उघड होणार, न सांगावं तर मरण. बाई मूग गिळून बसल्या. नवल म्हणजे साहेबही बसले. डॉक्टरांना शिवी नाही, कंपनीला शिवी नाही.

"घाबरलात का हो?" बाईंनी विचारलं.

"छे! माझं काय घेऊन बसलीस? तू ती बादली खाली ठेव आधी."

मग घरात एक चमत्कारिक पंधरवडा सुरू झाला. बाई साहेबांना कुकर लावायला शिकवू लागल्या, कुठलं बिल कुठल्या डब्यात आहे ते दाखवू लागल्या. साहेब निमूटपणे शिकले आणि शिकता शिकता सगळा स्वयंपाकच बळकावून बसले. स्वयंपाकात मीठ बंद.

"अहो, हे जेवण आहे की काढा?"

"तब्येतीला बरं असतं. खा."

आणि स्वतःच्या ताटात मात्र चमचाभर मीठ वरून घेत. बाईंना वाटे, बिचारा मरायच्या आधी जिभेचे चोचले पुरवतोय. आणि लगेच आठवे, मरणार तर आपण आहोत. मग त्यांना साहेबांचा इतका राग येई आणि इतकी माया येई की पाठ फिरवून भांडी घासणं एवढंच हातात उरे.

यात साहेबांचा सत्तरावा वाढदिवस येऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते कपडे करून आले आणि त्यांनी एक चिठ्ठी बाईंपुढे ठेवली. मूत्रपिंडाचे तज्ज्ञ, पंधरा दिवसांनी मिळालेली वेळ, चारची. खाली नाव बाईंचं.

"हे काय? अहवाल तुमच्या नावाचा आहे ना?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू रात्री तीनतीनदा उठतेस. मला वाटलं, तुझ्यात काहीतरी निघणार. मी घोड्यासारखा धडधाकट. म्हणून तू दूध आणायला गेलीस तेव्हा मी लेबलं बदलली. चाळीस वर्षं लोकांची सिलं तपासली, मला काय अवघड?"

बाईंनी चिठ्ठी दूर सारली. "लेबलं तर मी बदलली होती!"

"कधी?"

"तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा."

साहेबांनी दोन पेले टेबलावर मांडले. "ही माझी. ही तुझी. तू बदललीस, आता ही तुझी झाली. मग मी बदलली..." पेले दोनदा फिरले आणि होते तिथेच येऊन थांबले.

"म्हणजे कागद खरा होता," बाई म्हणाल्या.

"माझंच आहे!" साहेब म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अगं, तुला काही नाही! पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"पंधरा दिवस मीठ खाल्लंत तुम्ही!" बाई ओरडल्या आणि त्यांना रडूच फुटलं.

नेमकी तेव्हाच विमावाली आली. बाईंच्या मंजूर अर्जावर सही राहिली होती. बाई म्हणाल्या, मला एकटीचा विमा नको. साहेब म्हणाले, मुकाट्याने सही कर. बाईंनी सही केली आणि पेन वारसाच्या रकान्यावर नेलं.

विमावाली खुर्चीत चुळबुळली. "काकू, तिथं दुसरं कुणी... म्हणजे वयानं लहान असं कुणी नाही का? काकांचं आता..."

"आम्हाला मूलबाळ नाही. एक भाऊ होता, तोही गेला."

"बरं मग, काकांचंच घाला. वारस काय, नंतर कधीही बदलता येतो."

बाईंनी साहेबांचं पूर्ण नाव लिहिलं. नातं, पती. वय, सत्तर.

"बदलायचा नाहीये मला," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "बसलात काय? चपला घाला, चार वाजत आले."