याकोबभाऊंची सोयगाव गाडी

याकोबभाऊ प्रार्थना करताना गियर बदलतात.

थट्टा नाय. डोळे मिटलेले, तोंडात देवाचं नाव, अन् डावा हात मांडीशेजारी पहिला, दुसरा, तिसरा. चढ आला की पाय दाबतात. आमच्या दोघांच्या ओट्यांमधी कमरेएवढी भिंत आहे, ती मीच बांधलेली. त्यामुळं रोज सगळं दिसतं अन् ऐकूही येतं.

या माणसानं उभी हयात मिशनची जीप चालवली. शहरातल्या आमच्या छावणीतून थेट सोयगावपर्यंत. साहेब, मडम, पुस्तकांचे गठ्ठे, बाजाची पेटी, सगळं वाहिलं. जीप भंगारात निघाली तेव्हा यांनी ड्रायव्हरची सीट तेवढी मागून घेतली अन् ओट्यावर मांडली. घरात दुसरं माणूस नाय. बायको मातीआड गेली, लेक परमुलखात. सकाळचा चहा झाला की सीटवर बसायचं अन् निघायचं.

"प्रभू, बस. दार नीट लाव." ही सुरुवात.

मग हर्सूल. "इथं हळू, शाळेची पोरं आहेत." फुलंब्रीला मार्थाबाईच्या घरची सभा. "तिथं माणसं कमी अन् भांडणं लई. तू आत जाऊन ये, मी गाडीत थांबतो." सिल्लोडला चहा. अजिंठ्याचा घाट उतरताना तर देवालाच दम, "आता बोलू नको, वळण आहे." शेवटी सोयगाव. तिथं शमुवेल राहतो, आमच्या चर्चनं खेड्यापाड्यात सुवार्ता सांगायला धाडलेला गडी. त्याची खोली, त्याची खटारा मोटरसायकल, त्याची पाठदुखी, सगळं देवापुढं मांडायचं अन् आमेन.

आमेननंतर भाऊ सीटवरच डोळे मिटून बराच वेळ पडून राहायचे. मी म्हणायचो, पोचला की झोपला. ड्रायव्हरची जात.

घरी चाललं होतं तोवर ठीक. पण हेच रविवारी चर्चमधी. फुलंब्री येईस्तोवर गाणारी मंडळी जांभया द्यायची, सिल्लोडला कमिटीच्या सेक्रेटरीबाई घड्याळ बघायच्या, अन् घाट लागला की मागल्या बाकांवरची माणसं उतरून घरी. घरी मटण शिजायला ठेवलेलं असतं, त्यांचंही खरं आहे.

नवे पाळकसाहेब एकदा म्हणाले, "मामा, मिशनच्या कामाला प्रार्थना लई महत्त्वाची. म्हणूनच ती दोन मिनिटांत आटपली पाहिजे."

"दोन मिनिटांत तुम्ही हर्सूल ओलांडून दाखवा साहेब."

"देवाला रस्ता माहीत आहे, मामा."

"त्याला आहे व्हय. तुम्हाला कुठं आहे? म्हणून मोठ्यानं सांगायचं."

साहेबांनी भाऊंची रविवारची प्रार्थना बंद केली अन् मोबाइलवर ग्रुप काढला. तिथं शमुवेलनं लिहिलं, वाऱ्यानं छपराचा पत्रा उडाला, प्रार्थना करा. लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. सेक्रेटरीबाईंनी एका हातानं वरण ढवळत दुसऱ्यानं हात जोडले. एकानं चुकून वाढदिवसाचा केक धाडला. साहेब खूश, "बघा, किती जणांनी प्रार्थना केली!"

भाऊंनी माझा मोबाइल हातात धरून ती रांग शेवटपर्यंत बघितली. "मिस्तरी, एवढे हात जोडलेत. एखादा मोकळा असता तर पत्रा धरला असता."

अन् तिथंच शमुवेलला फोन लावला. "कोणत्या बाजूचा उडाला? पत्र्याखालचे आडू कसले आहेत, लाकडी का लोखंडी? आंधळी प्रार्थना मी करत नाय." मग फोन माझ्या कानाला लावून म्हणाले, "ह्याला पत्रा कसा आवळायचा ते तू सांग. देवाला मी सांगतो."

पुढं भाऊंच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अवाक्षर बोलायचं नाय. घरी आले, गळ्याला पट्टी, सीटवर बसले. हात गियरवर, पण गाडी हलंना.

असं चाललं असताना मला शमुवेलचा फोन. "मिस्तरीकाका, मामांची गाडी बंद पडली म्हणं? इथं सभेला चार डोकी येत नायत. रोज सकाळी ती गाडी निघाली असंल म्हणून मी उठतो. आता सामान बांधू का?"

"गप बस. गाडी निघती," मी म्हणालो अन् भिंतीवरून पाय टाकला.

भाऊंनी उठून मला सीट दिली. ती त्यांनी कधी पाळकालाही दिलेली नाय. स्वतः डावीकडं स्टुलावर बसले. देवाला मागं बसवलं असणार.

मी चौथी शिकलेला गवंडी, मला कुठली प्रार्थना येती? पण रस्ता रोज ऐकून पाठ होता. फुलंब्रीला मार्थाबाई विसरलो तर गुडघ्यावर चापट बसली. घाटात मीच देवाला गप केलं. सोयगावला शमुवेलचं नाव घेतलं, पत्र्याचं, पाठीचं, चार डोक्यांचं सांगितलं, आमेन म्हणून उठायला लागलो.

भाऊंनी सदरा धरला अन् हात गोल फिरवला. गाडी वळव.

मला आधी उमजंना. मग डोक्यात उजेड पडला. हा माणूस झोपत नव्हता. जाताना मोठ्यानं बोलायचा अन् परतीच्या रस्त्यानं मनातल्या मनात बोलत यायचा.

त्यांनी बोट केलं पाळकसाहेबांच्या बंगल्याकडं. थांबलो, त्यांचं नाव घेतलं. मग सेक्रेटरीबाईंच्या दाराकडं. मग भिंतीपल्याड माझ्या दाराकडं. माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला, डोळे मिटले, अन् मग किल्ली फिरवल्यासारखं केलं. गाडी बंद.

"अन् तुमचं घर?"

त्यांनी मान हलवली. सीटवर थाप मारली, गालाखाली हात घेतला. ड्रायव्हर गाडीतच झोपतो.

मी काय गाडी बंद केली नाय.

"प्रभू," मी मोठ्यानं म्हणालो, गल्लीला ऐकू जाईल असं, "अजून एक थांबा राहिलाय. पायरी उंच आहे, जपून उतर. माणूस हट्टी आहे, काय लागत नाय म्हणंल. ऐकू नको. आत जा अन् बस जरा."

शेजारी स्टुलावर याकोबभाऊंनी हळूच ब्रेक दाबला.