दोन इंच उंच

"एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं! कंपनीच्या टायरवर कंपनीने फिरावं. माझी पिकप उद्यापासून मोठ्या टायरवर फिरणार!"

हे जेवता जेवता जाहीर करणाऱ्या गृहस्थांना मेहुणीने लग्नातच 'निश्चयराव' म्हणून टाकलं होतं. ते नाव इतकं चपखल बसलं की खरं नाव आता फक्त लायसन्सवर उरलं होतं. पिकपमधून लोकांचं सामान पोचवणं हा त्यांचा धंदा. गल्लीच्या तोंडाशी एक उंचवटा होता. त्यावर रोज पिकपचं पोट घासायचं आणि इकडे निश्चयराव स्वतःचंच पोट धरायचे.

"अहो, कंपनीत इंजिनिअर असतात," बायको म्हणाली.

"असतील! त्यांच्या गल्लीत उंचवटा नसतो!"

शेजारच्या घरात राहणारे सासरे, म्हणजे मामा, तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले होते. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "जावईबापू, गाडीची उंची वाढली की सगळी छतं खाली येतात हो."

पण ऐकतील तर ते निश्चयराव कसले! दुसऱ्याच दिवशी टायर बदलले. "साहेब, नक्की ना?" असं टायरवाल्याने तीनदा विचारलं आणि तीनदा त्याला झापण्यात आलं. पिकप चांगली दोन इंच वर गेली. बायकोला आत बसायला स्टूल लागू लागलं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या पत्र्याला लागून 'खर्रर्र' करायचा.

"सवय होईल," निश्चयराव म्हणाले. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात वाचनालयाचं बोलावणं आलं. या कामासाठी त्यांनी दोन वर्षं खेटे घातले होते! ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघत अटी सांगितल्या. "एक फेरी करून दाखवा. पुस्तकांची खोकी तळघरात उतरवायची. भिंतीला ओरखडा नको, आवाज नको आणि साडेदहाला वाचक आत येण्याआधी रस्ता मोकळा हवा. जमलं, तर वर्षभराचं काम तुमचं."

निश्चयराव असे तसे गडी नव्हते. तळघराच्या दाराची उंची आधी मोजून आणली. मग बत्तीस खोकी भरलेल्या पिकपची उंची टेप लावून दोनदा मोजली, वरच्या लोखंडी सांगाड्यासकट. वर पाऊण इंच जागा राहत होती. "बघा मामा! याला म्हणतात हिशोब!"

मामा पायात चपला सरकवून सोबत निघाले.

पिकप सुळकन आत गेली. खोकी उतरली. सव्वादहा वाजले होते. निश्चयराव ऐटीत बसले, गाडी सुरू केली आणि दाराशी आले, तोच मामा ओरडले, "थांबा!"

सांगाडा आता दारावरच्या तुळईपेक्षा उंच झाला होता आणि तिच्यावर आदळायला केसभर उरला होता.

"आत आली ती बाहेर का जात नाही? दार आकसलं की काय?"

"दार आहे तिथेच आहे. गाडी वर आली. ओझं उतरलं की चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे सुटतात, जावईबापू. भरलेली मोजलीत. रिकामी मोजली होती का?"

निश्चयरावांचा चेहरा पडला. पण क्षणभरच! त्यांनी चारही टायरची हवा कमी केली. आणखी सोडली असती तर टायर रिममधून निसटले असते. तरी सांगाडा तुळईपेक्षा वरच. ते धावत ग्रंथपालबाईंकडे गेले. "बाई, खोकी फक्त दारापर्यंत परत भरतो! लगेच उतरवतो!"

"आत आलेलं पुस्तक नोंदीशिवाय दाराबाहेर जात नाही. तुम्ही सभासद आहात?"

"नाही."

"सभासदालाही एका वेळी दोनच मिळतात."

घड्याळात दहा वीस. दोन वर्षांचे खेटे निश्चयरावांच्या डोळ्यांसमोरून गेले. बाहेर पायरीवर वाचनालय उघडण्याची वाट बघत वाचक उभे होते. निश्चयरावांनी एकेकाला डोळ्यांनी तोललं.

"पुस्तकं नाहीत ना? मग वाचक भरतो!"

चौदा वाचक मागे चढले. कोणी वर्तमानपत्र उघडून बसलं, तर कोणी शब्दकोडं. एक अंगाने भरभक्कम निवृत्त मास्तर चढले तेव्हा पिकप अशी बसली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"शांतता!" ग्रंथपालबाई म्हणाल्या.

मामांनी डोळा बारीक करून वर बघितलं. "सूतभर कमी पडतंय. अजून एक माणूस हवा."

सगळ्यांचे डोळे ग्रंथपालबाईंकडे वळले. बाईंनी घड्याळ बघितलं, पदर खोचला आणि स्टूल मागवलं!

पिकप मुंगीच्या पावलांनी निघाली. तुळई डोक्यावरून सरकली. कोणी श्वास घेत नव्हतं. फक्त मास्तरांनी पान उलटलं. दहा एकोणतीसला गाडी उन्हात आली. तुळईला ओरखडा नव्हता.

"काम तुमचं," खाली उतरत बाई म्हणाल्या.

निश्चयरावांनी मामांकडे असं बघितलं की जणू टायर आपणच कारखान्यात घडवले होते. "बघितलंत? मोठ्या टायरवरच मिळालं!"

"उद्यापासून सुरुवात करा," बाई पुढे म्हणाल्या. "तळघरातली जुनी मासिकं नव्या इमारतीत न्यायची आहेत. रोज चार फेऱ्या. गाडी रिकामी आणायची, भरून न्यायची."

"रि... रिकामी?"

"मग भरलेली कशाला आणाल?"

घरी जाताना, पंपावर हवा भरून घेतल्यावर, पिकप गल्लीतला उंचवटा अलगद ओलांडून गेली. निश्चयरावांचं लक्षही नव्हतं. ते मनात जमवाजमव करत होते. रोज चार फेऱ्या, प्रत्येक फेरीला पंधरा माणसं. सगळं सासर मोजूनही नऊच भरत होती!

मामांनी आपल्या व्हरांड्यातली चादर उचलली. खाली टायरवाल्याकडून आणून ठेवलेले कंपनीचे चार टायर एकावर एक रचलेले होते, पुसून लख्ख केलेले.

निश्चयरावांनी टायरभोवती दोन फेऱ्या मारल्या, चारही बोटाने मोजले. मग त्यांनी छाती पुढे काढली.

"मामा, एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं! जुने टायर परत लावायचे! आणि हे मी ठरवलंय हं, मी!"

"तुम्हीच हो," मामा पिकपच्या खालून म्हणाले. जॅक त्यांनी केव्हाच लावला होता.