शीतलच्या पास्त्याचा तपास

हिंगोलीत हळदीचा वास सगळ्यांनाच येतो. गुन्ह्याचा वास येणारं नाक मात्र एकच, अन् ते माझ्या तोंडावर हाय. मी भीमराज, खाजगी गुप्तहेर. गुप्त इतका, की आजवर एकबी गिऱ्हाईक मला शोधू शकलं न्हाई.

रविवारी चुलतभावाच्या घरी गेलो. कमलवैनीनं चहा अन् वाटीभर तळलेले पोंगे पुढं ठेवले. तेवढ्यात त्यांची नवी सून शीतल स्वैपाकघरातून रडवेली होऊन आली.

"काका, माझा पास्ता गायब झाला."

मामला गंभीर होता. शीतलनं हौसेनं मायक्रोवेव्ह आणला, अन् वैनीनं बजावलं होतं, "आज दुपारचं जेवण त्या पेटीत करून दाखव. न्हाई जमलं तर उद्यापासून मी त्यात लसूण ठेवीन."

"मुद्देमालाचं वर्णन सांग," मी पोंगा तोंडात टाकत म्हणलं.

"पिवळसर नळ्या. बोटाच्या पेराएवढ्या, दोन्हीकून तिरप्या कापलेल्या. पाकीट फाटलं म्हणून स्टीलच्या डब्यात ओतल्या होत्या."

"बराबर." मी दुसरा पोंगा घेतला. लई कडक. "वैनी, तेल तापलं नव्हतं का?"

"तुमचे दात म्हातारे झाले, भाऊजी."

पहिला संशय मायक्रोवेव्हवर. मी दार उघडलं, मोबाईलची बॅटरी मारली, नाक आत घातलं.

"ह्यानंच गिळला."

"काका, आजून आत ठेवलाच न्हाई."

त्याला तूर्त सोडून दिलं. दुसरा संशयित विकास प्लंबर, मोरीतला नळ दुरुस्त करून राहिला होता. घरातून नळ्या गेल्या अन् घरात प्लंबर. अजून पुरावा काय पाहिजे?

"एवढ्याशा नळ्या मी काहून नेऊ?" विकास पाना न थांबवता म्हणला. "मुंगीच्या घरी कनेक्शन द्यायला?"

राहिली सासू. मी तिसरा पोंगा चावत वैनीवर नजर रोखली. "कबूल करा. पास्ता तुमी लपवला."

"मी आजून पास्ता डोळ्यानं बघितला न्हाई. पाकिटावर चित्र होतं, लाल रश्श्यात बुडालेलं काहीतरी."

चेहऱ्यावरून ओळखलं, बाई खरं बोलून राहिली. आता शेजाऱ्यांच्या मांजरीला विचारावं म्हणून उठलो, तर दाढेत कट् वाजलं. मी गाल धरला. शीतलनं माझ्या वाटीत डोकावून एक पोंगा उचलला. दोन्हीकून तिरपा.

"आई, हे पोंगे कुठले?"

"त्या स्टीलच्या डब्यातले. मला वाटलं, जवळा बाजार गावातून आणलेले जुने नळीचे पोंगे हायेत, रंग उडाला. सकाळी गच्चीवर पापडासंगं ऊन दाखवलं, अन् भाऊजी आले म्हणून मूठभर तळले. फुगायलाच तयार न्हाईत मेले."

मोरीतून विकासचं हसू ऐकू आलं. मी तिकडं लक्ष दिलं न्हाई.

शीतल गच्चीवर पळाली. उरलेल्या नळ्या पापडांच्या शेजारी मजेत ऊन खात पडल्या होत्या. तिनं त्या काचेच्या भांड्यात घातल्या, पाणी, मीठ, अन् पेटी घुं घुं करायला लागली. वैनी गालाला हात लावून समोर बसल्या, टीव्हीवर मालिका बघावी तशा. मग टमाटं पडलं, तिखट पडलं, अन् वैनीनं स्वतःहून लसूण सोलून दिला.

वैनीनं पहिला घास खाल्ला. दुसराबी खाल्ला. तिसऱ्याला विचारलं, "ह्याच्यात पापड भाजतात का गं?"

शीतल हसली. "व्हय, आई. तेलाबिगर."

"मग ऱ्हाऊ दे पेटी."

केस सुटली होती. मी गुप्तहेराच्या ऐटीत ताट पुढं केलं. वैनीनं ते हळूच परत माझ्याकडं सारलं.

"तुमचा वाटा तुमी मघाशीच खाल्ला, भाऊजी."