जांभळा दिवा

रय्यस, म्हणजे बोटीचा तांडेल, बदवी याने बोटीचा दिवा घासून घासून इतका गुळगुळीत केला, की तो हातातून निसटला आणि सरळ धक्क्याखालच्या पाण्यात गेला.

"बुडाला का?" वरून त्याच्या बायकोने, वगीहाने विचारलं.

"नाही, पोहायला गेलाय," बदवी म्हणाला आणि पाण्याकडे बघत बसला.

उपास सुटायला अर्धा तास होता. रमजानात त्या वेळी पोर्ट सईदमध्ये दिवा विकणारा तर सोडाच, रस्त्यावर मांजरही सापडत नाही. आणि रात्री तर निघायचंच होतं. त्यांचा मुलगा हातेम 'आस्टेरा' नावाच्या मालवाहू जहाजावर खलाशी होता. अकरा महिने त्याचं तोंड दिसलं नव्हतं. आज आस्टेरा रात्री आठ वाजता बंदराबाहेर नांगर टाकणार होती आणि अकराला कालव्यात शिरणार होती. खाली उतरायची कुणालाही परवानगी नव्हती. म्हणजे लेकाला बघायचं तर बोटीतून त्याच्या जहाजाखाली जाऊनच.

बदवीला ते काही नवं नव्हतं. चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं. लहान मोटारबोटीत टोप्या, गालिचे, चामड्याचे उंट भरायचे, नांगरलेल्या जहाजांना जाऊन भिडायचं आणि वरून दोर आला की त्याला माल बांधायचा. हे मात्र कबूल करायला हवं, की रात्रीच्या वेळी पन्नास जहाजांच्या गर्दीतून बोट काढावी तर बदवीनेच. पाण्यावरच्या दिव्यांकडे एकदा बघायचा आणि कोण उभं आहे, कोण निघालंय, कोण अंगावर येतंय हे घडाघडा सांगायचा. अडचण एवढीच होती, की स्वतःच्या बोटीचे दिवे त्याला कधी महत्त्वाचे वाटले नाहीत. दोनदा पकडला गेला होता. गस्तीच्या बोटीवरच्या सार्जंट शहाताने बजावलं होतं, "रय्यस, तिसऱ्यांदा बिनदिव्याचे दिसलात तर परवाना गेला म्हणून समजा."

"घरात कंदील आहे की," वगीहा म्हणाली.

कंदील म्हणजे रमजानात दारावर टांगायचा जुना पत्र्याचा कंदील. एका बाजूला लाल काच, दुसऱ्या बाजूला हिरवी, पुढे पांढरी. मागची काच हातेमने सातव्या वर्षी चेंडूने फोडली होती आणि बदवीने तिथे चॉकलेटचा जांभळा कागद चिकटवला होता. आत सेलवरचा बल्ब होता.

बदवी खूश झाला. खुशीत असला की तो बायकोला उम्मे हातेम, म्हणजे हातेमची आई, अशी हाक मारायचा. "लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. लहान बोटीला एकाच पेटीत दोन्ही रंग चालतात, नियमातच आहे. उम्मे हातेम, तू रय्यस व्हायला हवी होतीस."

"मी झाले असते तर दिवा हातातून पडला नसता."

उपास सुटल्यावर दोघं निघाली. वगीहाच्या मांडीवर मासेभाताचं पातेलं होतं, फडक्यात चार गाठी मारून बांधलेलं. कंदील पुढच्या आकड्याला टांगला होता. बंदराच्या भिंतीबाहेर पडेपर्यंत सगळं छान चाललं. मग वारा लागला आणि कंदील गरागरा फिरायला लागला.

बदवीचं लक्ष पुढे होतं. त्याला कळलंच नाही. पण लाल दिसला म्हणजे बोटीची डावी कूस आपल्याकडे आणि हिरवा दिसला म्हणजे उजवी, एवढंच समोरचे जहाजवाले जाणतात. त्यांना दिसत होतं ते असं, की एक बोट जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरते आहे आणि तरीही त्यांच्याकडेच येते आहे. एका तेलवाहू जहाजाने भोंगा वाजवला. मग दुसऱ्याने वाजवला.

"ओळखतात आपल्याला," बदवीने समाधानाने हात हलवला.

"आस्टेरा कुठली?"

"ती काय. मागे दोन पिवळे, पुढे एक पांढरा. मी लाखात ओळखीन."

"नाव तर वाचू द्या."

"नावं नवशिके वाचतात."

बोट त्या जहाजाच्या कुशीला अलगद लागली, चहाच्या कपाला बशी लागावी तशी. वगीहाला नवऱ्याचं फार कौतुक वाटलं. वरून कुणीतरी डोकावलं आणि दोर खाली आला. आणि इथे चाळीस वर्षांच्या सवयीने घात केला. दोर आला की बदवीचे हात त्याच्या डोक्याला विचारत नाहीत. वगीहा मान वर करून लेकाला शोधत होती, तेवढ्यात पातेलं बांधून झालं आणि वर गेलंही.

तेव्हा कंदील फिरला आणि त्याचा उजेड जहाजाच्या नावावर पडला. वगीहाने एकेक अक्षर लावत वाचलं.

"अबू हातेम, ही आस्टेरा नाही."

"नसेल कशी?"

वरून आनंदाचा गलका ऐकू आला, मग चमच्यांचा आवाज. थोड्या वेळाने दोर परत खाली आला. त्याला साबणाच्या पाच वड्या आणि एक छत्री बांधलेली होती.

वगीहाने छत्री उघडून बघितली. "माझ्या लेकाचं जेवण विकलंत तुम्ही."

"विकलं नाही. अदलाबदल केली."

"पोर्ट सईदमध्ये पाऊस किती वेळा पडतो?"

बदवीने छत्री मिटून फळीखाली सारली. त्याला पहिल्यांदाच भीती वाटली. समोर पन्नास जहाजं होती आणि आता कुठल्याच दिव्यावर त्याचा भरवसा राहिला नव्हता. दहा वाजून गेले होते. आस्टेरा निघून गेली तर ही बाई आयुष्यभर एक शब्द बोलणार नाही, आणि ते बरोबरच असेल, असं त्याला मनापासून वाटलं.

तेवढ्यात बोटीतला रेडिओ खरखरला. बंदराच्या मनोऱ्यावरून कुणीतरी वैतागून बोलत होतं. "सर्व जहाजांनी लक्ष द्या. एक लहान बोट गोल फिरते आहे. लाल, पांढरा, हिरवा. वेड्यासारखी चालली आहे. सांभाळून राहा."

"कोण गाढव आहे?" बदवी म्हणाला.

वगीहाने नुसतं कंदिलाकडे बोट दाखवलं. बदवीने बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

रेडिओवर आणखी एक आवाज आला. "मनोरा, आस्टेरा बोलतेय. त्या बोटीला जांभळाही दिवा आहे. जांभळा म्हणजे काय? आमच्या पुस्तकात नाही."

मनोऱ्यावर पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्याच जहाजावरचा दुसरा, दमलेला, ओळखीचा आवाज आला.

"साहेब, जांभळा म्हणजे माझी आई जेवण घेऊन आलीय."

वगीहाने तोंडावर ओढणी घेतली. बदवीने रेडिओत ओरडून सांगितलं, "हातेम, बाळा, दिवे मालव आणि लाव, तीनदा." लांब उत्तरेला एका जहाजाचे सगळे दिवे गेले आणि आले, तीनदा. मग मात्र बदवीने बोट अशी काढली, की ज्यांनी भोंगे वाजवले होते तेही कठड्यावर येऊन बघत राहिले.

आस्टेराच्या कुशीला बोट लागली, दोर आला. वर कठड्यावर एक काळी आकृती होती. मागे झगझगीत दिवे, त्यामुळे चेहरा काही दिसेना.

"आई, जेवण कुठाय?"

"तुझ्या बापाला विचार."

बदवीने मुकाट्याने साबण आणि छत्री वर पाठवली.

"बाबा, छत्री कसली?"

"ठेव. लांबलचक कथा आहे."

वगीहा मान उंचावून बघत होती. अकरा महिने वाट बघितली आणि आता दिसतंय काय, तर खांदे आणि दोन कान. तिने आकड्यावरचा कंदील काढला, दोराला बांधला आणि ओरडली, "हा तोंडाजवळ धर. मला बघू दे."

कंदील वर गेला. हातेमने तो गालाशी धरला. आधी लाल हातेम दिसला, मग हिरवा, मग जांभळा. वाळला होता, दाढी वाढली होती, आणि हसत होता. वगीहा रडली आणि तिने ते लपवलं नाही. बदवीने लपवायचा प्रयत्न केला.

"ठेव तो तुझ्याकडेच," ती म्हणाली. "दारावर लाव."

नांगर उचलायचा भोंगा झाला. बोट मागे वळते न वळते तोच गस्तीचा झोत अंगावर पडला.

"रय्यस बदवी," सार्जंट शहाता म्हणाला, "अर्धं बंदर थांबवलंत ते थांबवलंत, वर आता बिनदिव्याचे?"

"दिवा लेकाला दिला," वगीहा म्हणाली. "तुझ्या आईने काय केलं असतं?"

शहाताने थोडा विचार केला. मग मान हलवली. "माझ्या मागोमाग या. माझ्या दिव्यात."

धक्क्यावर पोचेपर्यंत जहाजांची रांग कालव्यात शिरायला लागली होती. काळोखात नुसते दिवे सरकत होते. बदवी हात कपाळाशी धरून एकेक न्याहाळत होता. सातव्या जहाजावर, खाली एका लहानशा खिडकीत, काहीतरी जांभळं मिणमिणत होतं.

"ती आस्टेरा," तो हळूच म्हणाला.

वगीहाने या वेळी नाव वाचून बघितलं नाही.