पंपाला कुलूप

कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाण्याचा नमुना आणला, की तुरकरजी तो आणणाऱ्यासमोरच नालीत ओततात. "मले पाणी तपासाचं हाये, शरबत नाही," म्हणतात आणि स्वतः धुतलेली बाटली हातात देऊन त्याला परत गावी पाठवतात. मग तो सरपंच असो की साहेबांचा मेव्हणा.

गोंदियाच्या आमच्या पाणी प्रयोगशाळेत ते रसायनतज्ज्ञ, मी त्यांची सहायक. मागच्या वर्षी स्वयंचलित मशीन आलं. ते नमुना स्वतःच ओढून घेतं, रसायन मिसळतं, रंग मोजतं आणि नायट्रेट किती, लोह किती, ते पडद्यावर दाखवतं. मशीनच्या खोलीत तुरकरजी कोणाला शिंकूही देत नाहीत.

दिवाळीनंतर दवनीवाड्याच्या पुढच्या एका गावातल्या हातपंपाच्या पाण्यात नायट्रेट फार निघालं. धानाच्या बांध्यांतलं खत झिरपलं असावं. तान्ह्या बाळांना असं पाणी घातक. अंग निळं पडतं. तुरकरजींनी तीनदा तपासून अहवाल दिला. मशीन बिघडलं असेल, म्हणून आमच्या साहेबांनी तो परत पाठवला. दुसरा नमुना आणला, तोही तसाच निघाला. मग साहेबांनी अहवाल फायलीत दाबून ठेवला. पंप चालूच. तुरकरजी रोज त्यांच्या केबिनमध्ये जायचे आणि दार आपटून बाहेर यायचे.

एके दिवशी ते माझ्यावरच उखडले. "मशीन दहा मिनटात सांगून राहिली, अन् या साहेबायले दोन महिने ऐकू येऊन नाही राहिलं. मंग आणली कायले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचांचा फोन आला. तुमच्या माणसानं पंपाच्या दांड्याला साखळी घालून कुलूप ठोकलंय. साहेबांनी मला किल्ली आणायला पिटाळलं.

गाडीवरून पोचले, तर पंपाभोवती रिकामे गुंड-हंडे घेतलेल्या बाया तणतणत होत्या. तुरकरजी समोरच्या घराच्या ओट्यावर बसलेले, खांद्यावर कोणाचं तरी बाळ झोपलेलं. बाळाची आई मला बाजूला घेऊन सांगू लागली. पहिल्या अहवालापासून ते रोज सकाळी गोंदियाजवळच्या कुडव्याच्या आपल्या घरून पाण्याची कॅन आणतात. बाळ डब्याच्या दुधावर आहे. तिनं पाणी उकळून घेते म्हटलं, तर केवढे ओरडले. उकळल्यानं नायट्रेट जात नाही, उलट वाढते म्हणे.

"पहिले मी त्यायले लय भेवाची," ती म्हणाली. "आता कॅन ठेवून बी जात नाहीत. बसून राहतात. घरी कोणी नाही म्हणे त्यायच्या."

तेवढ्यात सरपंच आले ते ओरडतच. कुलूप काढा, नाहीतर पोलिसांत देतो. तुरकरजींचा चेहरा लाल झाला. मी डोळे मिटून घेतले.

"दुसऱ्या पाण्याची सोय करा अन् किल्ली घेऊन जा," ते कुजबुजले. "भांडाचं असन तं भांडू. पण हळू बोला. आत्ताच डोळा लागला त्याचा."

सरपंचांचा आवाज आपोआप खाली आला. अर्धा तास दोघं कुजबुजत कडाकडा भांडले. दुपारी पंचायतीचा टँकर आला. मी किल्ली मागितली, तर तुरकरजींनी मानेनंच खिसा दाखवला. जागचे हलले मात्र नाहीत. बाळ अजून उठलं नव्हतं.