शिरगावकर सरांनी माझी लादी उखडली

या, असे जवळ येऊन बसा. लांबून हूं-हूं केलेलं मला चालत नाही. आणि तो मोबाइल पालथा ठेवा आधी; माणूस बोलत असताना काचेत काय बघायचं? माझं डोकं तसंही तापलेलं आहे, आणि ज्यांच्यामुळे तापलंय त्यांचंच सांगायला बसलेय.

शेजारी वाटीभर साखर मागतात, विरजण मागतात. आमचे शिरगावकर सर टोके मागायचे. टोके म्हणजे तांदळात होतात ते, सोंडेवाले किडे. डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सर आणि त्यांची बायको नलू नवीन राहायला आलेली, आणि त्याच आठवड्यात माझ्या धाकटीला बघायला कल्याणची मंडळी आली. मी पोह्यांच्या बश्या पुढे करतेय, तोच सर दारात. हातात औषधाची रिकामी बाटली.

"वहिनी, तुमच्या तांदळात टोके आहेत का?"

"आमच्याकडे नसतात," मी दात आवळून म्हटलं.

"असं कसं? वरच्या मजल्यावर आहेत. डबा बघू जरा."

मुलाची आई हातातल्या पोह्यांकडे बघायला लागली. लग्न ठरलं म्हणा, पण विहीणबाई अजून आमच्याकडे भात आधी बोटाने चिवडतात, मग जेवतात. हा राग मी पंचवीस वर्षं जपलाय.

सरांचं कामच तसं. जमिनीखाली जुनी गावं सापडतात, तिथे बाकीचे विद्वान मणी शोधतात, नाणी शोधतात. सर तिथली माती पोत्यात भरून आणायचे. गच्चीवर निळ्या पिंपात ती पाण्यात कालवायची, वर तरंगेल ते मलमलीत गाळायचं, आणि त्यातले जळके दाणे, गवताचं बी, किड्यांच्या पाठीची टरफलं मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. हजार वर्षांपूर्वी कोण काय जेवलं, ते ह्यांना कळायचं. घरात काय शिजलंय ते मात्र ताटात पडल्यावरही कळत नसे.

जुना किडा ओळखायला शेजारी नवा ठेवावा लागतो, म्हणून टोके. जुना दाणा जळका, म्हणून नवाही जाळावा लागतो. सर मुद्दाम कुळीथ करपवायचे, वरी करपवायचे. जिन्यात धूर. एकदा खालच्यांनी बंब बोलावलेला. सर बंबवाल्यांनाच शिकवायला लागले, "खाल्लेलं जातं हो, करपलेलं टिकतं." आणि कुणी नाक मुरडलं की त्यांचं ठरलेलं वाक्य: "मांडलेलं खोटं, सांडलेलं खरं."

करोनाच्या आधीच नलू गेली. सर आणखी तिरसट झाले. मग बिल्डिंग पाडायची ठरली. चाव्या द्यायच्या त्या आठवड्यात आम्ही बायका स्वैपाकघरं घासायला बसलो. आपल्याकडे रीत आहे, जागा सोडताना धुऊन पुसून, ओट्यावर हळदकुंकू वाहून निघायचं. पाडणार असले म्हणून काय झालं, त्या ओट्याने पोसलंय आपल्याला.

सर जिन्यातून वर-खाली धावत होते. "पुसू नका. साबण लावू नका. जुन्या बायका अशा धुऊन गेल्या असत्या, तर आम्ही काय शोधलं असतं?"

"लोकांनी आमची घाण बघावी अशी हौस नाही आम्हाला," मी म्हटलं.

ऐकतील तर शपथ. ब्रश आणि चमचा घेऊन घरोघरी शिरायचे आणि ओट्याखालचा कचरा पुड्यांत भरायचे. आमच्या सेक्रेटरींनी माशांच्या वासाविरुद्ध फलकावर दोनदा नोटीस लावलेली. शेवटच्या मीटिंगला सर उभे राहिले. "तुमच्या ओट्याखाली जवळा आहे. मिशांसकट."

"उंदराने आणला असेल," सेक्रेटरी म्हणाले.

"उंदीर तव्यावर भाजून खात नाही."

सेक्रेटरीणबाई तेव्हापासून माझ्याशीही बोलत नाहीत. माझा काय संबंध? मी फक्त हसले होते.

पण माझ्यावर पाळी आली ती शेवटच्या दिवशी. कपाट टेम्पोत चढवायला खाली गेले, दार उघडंच होतं. वर येऊन बघते तर हा माणूस माझ्या ओट्याखाली पालथा, हातात छिन्नी, आणि भिंतीकडेची लादी उखडून बाजूला ठेवलेली. सकाळीच पुसलेली हो. हळदकुंकू वाहून झालेलं. मी असा आवाज लावला की टेम्पोवाला वर आला.

"आधी स्वतःच्या घरात खणायचं होतं," मी म्हटलं.

"खणलं," सर आत तोंड करूनच म्हणाले. "सगळ्यात आधी तेच खणलं. काही नाही तिथे. कुणी राहतच नव्हतं असं वाटावं इतकं साफ."

मग रांगत बाहेर आले आणि तळहात पुढे केला. "खरबुजाच्या बिया. नुसती फोलपटं. कुरतडलेली नाहीत, दाताने टोकाशी फोडून गर काढलाय. ढीगच आहे फटीत. तुमच्याकडे कोण खातं?"

"आमच्याकडे कुणी नाही. नलू खायची."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण लादीचा राग, पोह्यांचा राग, सगळा एकदम वर आला. म्हटलं, "तुमच्या घरात तिला सोय होती का? नवं बी जुन्यात मिसळेल म्हणून खोलीत काही खायचं नाही, दाणा सांडला की झाडून घ्यायचं, पदरसुद्धा झटकून बाहेर जायचं. तुम्ही सहा-सहा महिने तंबूत. तुम्ही घरी असा नसा, ती रोज दुपारी इथे येऊन बसायची, ह्या भिंतीला टेकून. बिया फोडायची आणि फोलपटं खुशाल टाकायची. मी कधी बोलले नाही."

सर खालीच बसले. त्याच भिंतीला टेकून. मूठ मिटलेली. टेम्पोवाला निघून गेला, तरी बसलेले.

"काय बोलायची?" त्यांनी विचारलं.

"सिरियलचं बोलायची. तुमच्याबद्दल नाही."

"हसायची?"

"खूप. तोंडात बी असताना हसायची, म्हणून तर फोलपटं तिकडे फटीत उडायची."

त्यांनी मान हलवली. फोलपटं बाटलीत घातली नाहीत, पुडीतही नाहीत. मुठीतच राहू दिली, आणि दुसऱ्या हाताने लादी उचलून जागेवर बसवायला लागले. पाडायचं घर, आणि हा माणूस लादी सपाट बसलीय का ते हात फिरवून बघतोय. मला रडूही आलं आणि संतापही.

आता मी लेकाकडे बाळकुमला. सर शहाडला, भाड्याच्या खोलीत, एकटे. रोज दुपारी, नलू यायची त्याच सुमाराला, फोन करतात. टोक्यांचं विचारत नाहीत. "वहिनी, आणखी काय बोलायची?" आठवेल ते मी सांगत आले. ती सरांची नक्कल कशी करायची, तेही सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "बरोबर करायची."

इकडे या म्हटलं की मात्र नाही. गुडघे दुखतात, रिक्षा मिळत नाही, नंतर बघू. म्हणून काल मी साफ सांगून टाकलं, "सर, आता फोनवर एक शब्द सांगणार नाही. नलूचं एक बोलणं राखून ठेवलंय, ते समोर बसून ऐकायचं असतं. माझा राग अजून तसाच आहे, तोही घेऊन जा. पण या. लवकर या."