लालासाहेबांना थंडी वाजत नाही

सिमल्याला लोकरीचं एक बोटभर कापडसुद्धा न्यायचं नाही, असं लालासाहेबांनी ठरवलं ते नाथाजी हवालदाराच्या कोटामुळे.

उंब्रजात त्यांच्या आळीतला घरटी एक माणूस तरी पलटणीत होता. राहिले ते एकटे लालासाहेब. तरुणपणी तेही भरतीला गेले होते. साहेबानं छातीला टेप लावला आणि म्हणाला, "फुगव." लालासाहेबांनी फुगवली. साहेब वाट बघून पुन्हा म्हणाला, "अरे, फुगव की!" (ती फुगवलेलीच होती.) मग त्यांनी खताचं दुकान काढलं. दुकान झकास चाललं, पण संध्याकाळी हॉटेलच्या बाकड्यावर पेन्शनर मंडळी बर्फाच्या गोष्टी सांगायला लागली, की लालासाहेबांच्या वाट्याला नुसती मान डोलावणं येई.

त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरात त्यांचा मेहुणा हंबीरराव, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याची तार आली. हंबीरराव पलटणीत सुभेदार, नेमणूक सिमल्याला. त्याला मुलगा झाला होता आणि बारशाला दाजींनी अक्कासह तीन दिवस यायचंच होतं.

बातमी बाकड्यावर पोचली आणि दुसऱ्या दिवशी नाथाजी आपला जुना लष्करी कोट खांद्यावर टाकून दुकानात हजर.

"ह्यो घेऊन जावा, लालासाहेब. वारं आत शिरायचं न्हाई. आता जरा ढगळा हुईल तुमास्नी. छातीच्या मापानं शिवलाय न्हवं!"

गिऱ्हाइकं हसली. लालासाहेबांचे कान तापले.

"ठिवा तुमचा कोट तुमच्यापाशी. आमास्नी थंडी वाजत न्हाई. भर पौषात उसाला पाणी पाजणारी माणसं आमी!"

(पाणी त्यांचा गडी पाजत असे. ते त्या वेळी दोन गोधड्यांत असत.)

घरी तानुबाईनं ट्रंक भरायला घेतली होती. नवऱ्यासाठी स्वेटर, मफलर, माकडटोपी, पायमोजे आणि वर थोरल्या दिराचं जाड घोंगडं. सगळ्याचं एक गाठोडं बांधून तिनं ते ट्रंकेत दाबलं, वर गुडघा टेकवून कडी लावली आणि ती दळण घेऊन गिरणीत गेली. लालासाहेबांनी तेवढ्यात गाठोडं काढून माळ्यावर टाकलं आणि त्या जागी परीटघडीची चार धोतरं आणि मलमलचे सदरे रचले. ट्रंक एका बोटानं बंद झाली. त्यांना फार बरं वाटलं.

पुण्यापर्यंत काही झालं नाही. दिल्लीच्या फलाटावर लालासाहेब दोन्ही हात काखेत घालून उभे होते. "हवा बरी हाय," ते म्हणाले. काल्क्याला छोट्या गाडीत बसेपर्यंत त्यांचे ओठ जांभळ्या रंगाचे झाले. तानुबाईनं ट्रंक उघडली.

"आवं, गाठोडं कुठाय?"

"माळ्यावर."

"माळ्यावर कसं गेलं?"

"मीच ठिवलं. मला थंडी वाजत न्हाई."

तानुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या पिशवीतनं शाल काढून नीट गुंडाळून घेतली.

"बरं," ती म्हणाली.

लग्नाला वीस वर्षं झाली होती. त्या 'बरं'चा अर्थ लालासाहेबांना कळायला हवा होता.

सिमल्याला स्टेशनवर बर्फाचे ढीग होते. हंबीरराव ओव्हरकोट घेऊनच आला होता. दाजींना मलमलच्या सदऱ्यात बघून तो जागीच थांबला.

"दाजी, हे काय? घाला, घाला हा कोट!"

लालासाहेबांनी हात पुढं केला. कोटाची बाही बोटांना लागली देखील. तेवढ्यात तानुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं. त्यास्नी थंडी वाजत न्हाई. गावात समद्यांम्होरं सांगून आल्यात."

"काय सांगतीस, अक्का!"

"इचार की त्यास्नीच."

हंबीररावानं विचारलं. लालासाहेबांनी कोटाकडं एकदा डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, "न्हाई वाजत."

हंबीरराव साधा माणूस. त्याचा ऊर अभिमानानं भरून आला. आपला दाजी असा आहे हे संध्याकाळपर्यंत पलटणीच्या सगळ्या लाइनीत माहीत झालं. जवान बघायला यायला लागले. कुणी दंडाला हात लावून बघे, कुणी म्हणे, "वाह चाचाजी, कमाल है!" हंबीररावाची बायको दोनदा रजई घेऊन आली आणि दोन्ही वेळा हंबीररावानंच ती परत नेली. "अगं, त्यास्नी उकडंल!"

दुसऱ्या दिवसापासून लालासाहेब स्वयंपाकघरातनं हलेनात. चुलीला पाठ लावून ते लसूण सोलत बसले. लसूण संपल्यावर कांदे चिरले. कांदे संपल्यावर, कुणी न सांगता, बारशाच्या जेवणाचे अख्खे मसूर निवडून काढले आणि निवडलेले परत निवडले.

"दाजी किती गुणाचं हायती!" हंबीररावाची बायको म्हणाली. "आमच्या ह्यांनी कवा इळी हातात धरली न्हाई."

"घरी तर पाण्याचा तांब्या बी उचलत न्हाईत," तानुबाई म्हणाली. "हितली हवा मानवलीया."

बारसं झालं. पाळण्याशी लालासाहेबांचा जीव रमला होता, कारण पाळण्याखाली निखाऱ्याची शेगडी होती. तेवढ्यात हंबीरराव आला. "दाजी, बाहेर चला. फोटोवाला आलाय. आमचे सुभेदार मेजर म्हणत्यात, तुमच्याबरोबर फोटो काढायचा."

अंगणात घोटाभर बर्फ. आभाळ भरून आलेलं, उजेड कमी. गरम कोटातल्या वीसएक माणसांच्या मधोमध एका खुर्चीवर मलमलच्या सदऱ्यातले लालासाहेब, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. ते त्यांनी घट्ट धरलं होतं. (बघणाऱ्यांना ती माया वाटली. बाळ गरम होतं.)

फोटोवाला काळ्या कापडाखाली गेला आणि बाहेर आला.

"बीचवाले साब, हिलिये मत।"

"हि... हिलत न्हाई," लालासाहेब म्हणाले.

फोटोवाला पुन्हा आत गेला आणि पुन्हा बाहेर आला. "साब, हिल रहे हैं।"

"दाजींचा सवभावच चपळ हाय," हंबीरराव कौतुकानं म्हणाला. "काढ तू."

परतीच्या प्रवासात दिल्लीपर्यंत तानुबाई शाल गुंडाळून बसली. दिल्लीला तिनं आपली शाल काढून नवऱ्याच्या अंगावर टाकली. गुलाबी होती, कडेला मोर होते. लालासाहेबांनी ती पार कराडापर्यंत डोक्यावरनं घेतली.

गावात आल्यावर मात्र लालासाहेबांचं बाकड्यावरचं स्थान बदललं. सिमल्याच्या बर्फात एका सदऱ्यावर तीन दिवस! नाथाजीसुद्धा आता मान डोलावी. संक्रांतीच्या सुमारास पोस्टमननं जाड पाकीट हॉटेलातच आणून दिलं. फोटो! घरी नेऊन आधी स्वतः बघावा, एवढा धीर लालासाहेबांना कुठला? त्यांनी पाकीट तिथंच फाडलं आणि फोटो न बघताच नाथाजीच्या हातात ठेवला.

"घ्या. बघा डोळं भरून."

नाथाजीनं चष्मा लावला. बाकडं त्याच्या खांद्यावर वाकलं. फोटो फर्मास आला होता. सुभेदार मेजरच्या कोटाची बटणं मोजून घ्यावीत अशी स्वच्छ. हंबीररावाच्या मिशीचा केस न् केस वेगळा. मागच्या देवदारावरचं बर्फसुद्धा ठसठशीत. फक्त मधोमध, खुर्चीच्या जागी, खालपासून वरपर्यंत पांढरा धुरळा होता.

नाथाजीनं फोटो लांब धरला, मग जवळ धरला.

"लालासाहेब, ह्यो मधी धूर कसला वं?"

लालासाहेबांनी फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

"शेगडी आसंल," ते म्हणाले.

"आन् मग तुमी कुठं हाय ह्यात?"

"मी व्हय?" लालासाहेबांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. "मीच तर काढला न्हवं फोटो!"